उणे तीसचं चाक

१४ जानेवारी
कुरोसेसान जाऊन नऊ दिवस. चाचणीची चाकं चढवणारे तेच, गाडी चालवणारेही तेच.
डोंगरातल्या म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवणारी आमची चाचणीची गाडी भल्या पहाटे त्यांच्यासह वळणावरून खाली गेली. पोलीस म्हणाले, बर्फ. कंपनी म्हणाली, बर्फ. मीही म्हणाले.
त्यांची टोपी अजून खुंटीवर आहे. कुणी काढत नाही.

१६ जानेवारी
चाक परत आलं. बाहेर रबर, आत हवेच्या जागी प्लास्टिकच्या लवचीक पट्ट्या. सात तुटलेल्या. तुटलेल्या कडा स्वच्छ, काचेसारख्या.
आमचे प्रमुख इवाकिरी म्हणाले, “दरीत पडल्यावर तुटणारच, हिरानुमाबाई! तुम्ही पडलात तर तुमचंही काहीतरी मोडेल.”
दोघं-तिघं हसले. मग आठवलं, कोण पडलं होतं ते.

१७ जानेवारी
ज्यावर चाक पळवून बघतो तो चाचणीचा ड्रम दिवसभर बंद होता. तरी ऐकू येत होता.

२० जानेवारी
फेब्रुवारीत अशा चाळीस गाड्या त्या डोंगरात जायच्या आहेत. अहवालावर माझा शिक्का हवा, पुढच्या मंगळवारपर्यंत.
थंडीची चाचणी तीनदा पास आहे. चाक रात्रभर उणे तीस अंशांच्या शीतखोलीत, सकाळी थेट ड्रमवर. मग अडचण काय?
कुरोसेसान म्हणायचे, “हवेचा टायर मरताना कुरकुरतो, पोरी. बसतो, सांगतो. हा शेवटपर्यंत गप्प. अगदी माझ्यासारखा.”

२३ जानेवारी
आज सकाळच्या कवायतीला मी चाकाच्या ढकलगाडीशेजारी उभी होते. आठला चाक बाहेर काढतात, आठलाच कर्ण्यावर कवायतीचा पियानो सुरू होतो. हात वर. हात खाली. मग हजेरी. मग सुरक्षेची शपथ, सगळ्यांनी एका सुरात.
हात वर केले तेव्हा पट्ट्यांवर पांढरं दव गोठलेलं होतं. शपथ संपली तेव्हा थेंब टपकत होते.
पंधरा मिनिटं! रोज! आम्ही शपथ म्हणत होतो आणि चाक ऊब घेत होतं.
डोंगरात गाड्या मात्र रात्रभर उघड्यावर असणार. पहाटे तशाच निघणार, कुरोसेसानच्या गाडीसारख्या.

२४ जानेवारी
इवाकिरींना सांगितलं. कवायतीआधी चाचणी घेऊ द्या.
“कवायतीआधी? भूकंप झाला त्या दिवशीही आपण आधी कवायत केली!”
“मग चाक नंतर काढू या.”
“वेळापत्रक मुख्यालयाचं आहे. बदलायला वसंत उजाडेल. तुम्ही दमला आहात, बाई. मंगळवारी शिक्का द्या आणि गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन या.”

२५ जानेवारी
रविवार. कुरोसेसानच्या घरी गेले. उदबत्ती लावली. त्यांच्या पत्नी सुमिएबाईंनी चहा ओतला, संत्रं सोलून पुढे केलं.
“तुमचं नाव घरात नेहमी निघायचं,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, पोरीचा शिक्का असला की मी वाकून बघत नाही. सरळ गाडी काढतो.”
त्यांना मला बरं वाटावं असंच वाटत होतं.
संत्रं रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

२७ जानेवारी
सहालाच गेले. शीतखोलीतलं नवं चाक एकटीने ड्रमवर चढवलं. शीतखोलीपासून ड्रमपर्यंत चार मिनिटं. पट्ट्या उणे सव्वीस.
अकराव्या मिनिटाला तुटल्या. त्याआधी काहीच नाही — कुरकुर नाही, थरथर नाही. एक टणत्कार, मग सहा.
इवाकिरी दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. तुटलेली पट्टी उचलून तिची कड पाहिली. मग त्यांनी स्वतः डोंगरातल्या गावाला फोन लावला. “गाड्या येणार नाहीत.”
आठला पियानो सुरू झाला. कुणी हात वर केले नाहीत.

२८ जानेवारी
इवाकिरींनी थंडीच्या चाचण्यांची नोंदवही मागवली. नोव्हेंबरचं पान मीच उघडलं. कुरोसेसानचं अक्षर: ‘चढवताना पट्ट्या उणे सहा. असं चालेल का?’
खाली माझा शिक्का: ‘पाहिले’.