जावयानं सांगितलेलं महाबळेश्वर

ता. २२ एप्रिल १९४५, उंब्रज
म्हसवडहून व्याह्यांचं पत्र. जावई पलटणीबरोबर सिंगापुराकडं गेले त्याला साडेतीन वर्षं. सरकारचा 'बेपत्ता' म्हणून कागद आला, त्यालाही तीन वर्षं होऊन गेली. व्याही लिहितात, वाट पाहणं पुरे झालं, चि. ताराचं कुंकू आता उतरवावं, भावकी नावं ठेवते. आपला विचार कळवावा.
तारा माहेरीच असते. सोप्यात तांदूळ निवडत होती. पत्र बघून हात तेवढा थांबला.
काय कळवू?

ता. २३
पत्र ताराला वाचून दाखवलं. तिचीच गोष्ट, तिच्यापासून लपवून काय करू. रडली नाही. म्हणाली, "आबा, मला म्हाबळेसराला न्या."
जावई लग्नाआधी वर्षभर तिथं एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या नवलाया हिला सांगायचे. गाईच्या तोंडातनं पाच नद्या येतात, कड्यावरनं टाकलेली टोपी माघारी येते, तिथनं दर्या दिसतो. सासू म्हणते, माझा ल्योक पहिल्यापास्नं थापाडा.
"मला बघायचंय, खरं सांगत हुते का न्हाई."
"आन् खरं निघालं तर?"
"मला येतो म्हनूनबी सांगून गेल्यात."
आमच्या मंडळींनी तेवढ्यात दशम्यांचं पीठ मळायला घेतलं. म्हणजे ठरलंच.

ता. २६, महाबळेश्वर
लढाईमुळं पेट्रोल नाही, म्हणून कोळशावरची मोटर. पसरणीच्या घाटात तिनं दम टाकला. ड्रायव्हर म्हणाला, बाप्यांनी उतरा. आम्ही चालत पुढं, मोटर मागं. एक पैलवान गडी म्हणतो, "आवं आबा, मोटर आपल्याला नेती का आपुन मोटरीला?" तारा खिडकीतनं हसली. किती महिन्यांनी.
वर पोचलो तर भर उन्हाळ्यात घोंगडं पांघरायची पाळी. जुन्या क्षेत्री एका गुरवाच्या पडवीला लागून खोली मिळाली. माणूस बरा.

ता. २७
पंचगंगेचं देऊळ. दगडी गाय, तोंडातनं पाणी. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. गुरव नाव घेई, तारा बोट मिटी. "एक खरं," म्हणाली.
मी ओंजळभर प्यालो. आपल्याकडं नावेतनं ओलांडतो ती कृष्णामाई इथं एवढीशी. तान्ह्या पोराला बघावं तसं झालं.

ता. २८
आर्थर सीटचा कडा. खाली बघवत नाही.
"टाका की पटका, आबा."
"पटका? माघारी न्हाई आला तर बोडक्यानं गावात शिरू व्हय गं?"
शेवटी दशमीची पत्रावळ टाकली. खाली गेली, गेली, आन् वाऱ्यानं उचलून आमच्या डोक्यावरनं मागं आली! शेजारी सांगलीचे एक शेठजी होते. त्यांनी टोपी टाकली, ती येऊन करवंदीच्या जाळीत बसली. शेठजी म्हणतात, "टोपी हाय का कबुतर!"
"दोन खरं."
दर्या मात्र नाही. सगळं धुरकट, पांढुरकं. मी डोळे बारीक केले. म्हटलं, "ती बघ, ती रेघ चमकती न्हवं..."
"आबा, तुमाला दिसत न्हाई."
"न्हाई."
ह्या वयात पोरीपुढं खोटं बोललो. शरम वाटली.

ता. ३०
काल पुन्हा कडा, आज बाँबे पॉइंट. सूर्य बुडेपर्यंत थांबलो. दर्या नाहीच. पोरीनं दोन दिवस धड खाल्लं नाही. तळ्याकडं, घोडी पळतात तिकडं चल म्हटलं, तर मान हलवली.
सांजचं शेजारच्या खोलीत चैत्राचं हळदीकुंकू. वाईच्या एक बाई हवा पालटायला आल्यात, त्यांचं. बोलावणं आलं, तारा उठेना.
"मी कशी जाऊ? दर्या कुटं दिसला?"
तेवढ्यात बाई स्वतःच दारात. "अहो, येताय ना? माझी कैरीची डाळ संपत आली." मग सहज, "मालक कुठं असतात?"
मी पडवीत ऐकत होतो.
"लांब हायत. पलटनीत."
"मग उठा की! त्यांच्यासाठीच तर ओटी भरायची."
बस्, एवढंच. आणखी काही विचारलं नाही त्या माउलीनं. तारा गेली. पदरात ओले हरभरे घेऊन आली. मूठभर मला दिले, बाकीचे तिथंच बसून खाल्ले. सगळे.

ता. १ मे
निघताना गुरवाला विचारलंच. म्हणाला, "दर्या? उन्हाळ्यात न्हाई दिसायचा. पाऊस सरला, हवा धुतली, की मग. त्योबी एखाद्या दिशी." तारानं ऐकलं. मोटरीत वाटभर जागी होती.

ता. ३, उंब्रज
व्याह्यांना लिहिलं. कुंकू राहील, दिवाळीनंतर बोलू. लिहिलं ते बरोबर का चूक, देव जाणे. माझं मन विचाराल तर... जाऊ दे. लिहिलं ते लिहिलं. पत्र टपालात टाकलं.
परत आलो तर तारा गोठा लोटत होती. म्हणाली, "दिवाळी झाल्यावर म्हाबळेसराला जायचंय. मोटरवाल्याला जागा आदीच सांगून ठेवा, आबा."
"व्हय," म्हटलं.
दोन जागा का तीन, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.