हिरव्या काठाचा कप

मु. वलगाव, जि. अमरावती
बुधवार, ११ जून २०२५

चि. सौ. लीलाबाईले मोठ्या बहिणीचा, सत्यभामाचा आशीर्वाद.

इकडं आमी सारे बरे आहोत. गोवर्धनाची कंबर दुखते पण माहं पोरगं वावरात गेल्याशिवाय राहत नाही. माहा मोतीबिंदू निघाला. आता उजव्या डोळ्यानं इतकं साफ दिसते की भिंतीवरचे डाग बी दिसाले लागले, अन् आपलं तोंड बी. काल वटपौर्णिमा झाली. पहाटेच मोगरा अन् झेंडू तोडला, गोवर्धन अमरावतीले घेऊन गेला, दुपारपर्यंत टोपले रिकामे. तुह्या मालकाची, रामरावजीची, साखर कमी झाली काय? कारल्याचा रस देतं की नाही?

आता तू म्हणशील, बाईनं पत्र काहून लिहिलं, फोन नाही काय? आहे व. चार महिने झाले फोन लावून राहिली मी. तुही सून प्रणाली उचलते अन् म्हणते, आई झोपल्या. सकाळी झोपल्या, दुपारी झोपल्या, जेवाच्या वक्ती बी झोपल्या. एवढी झोप तुले लहानपणी असती तं मायनं नवस फेडला असता. म्हून हे पत्र. चौथीपर्यंतच शिकली मी, अक्षर वाकडंतिकडं आहे, पण वाचशील. पत्राले काही झोपली म्हून सांगता येत नाही.

मले राग आला आहे लीले. लय राग आला आहे.

मागच्या आठवड्यात आपल्या मामाच्या कौशल्येकडं तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, गेली होती मी. ओटी भरली, ताटावर बसली, अन् एक बाई, जिचं नाव बी मले माहीत नाही, ते म्हणते, "तुमच्या नातीच्या देवाले घोट चालते पण कप चालत नाही म्हणे!" साऱ्या हासल्या. माह्या हातातला घास हातातच राहिला. हे तुहे शब्द आहेत. अकोल्याले तुह्या बैठकीत तू बोलली ते, अन् ते एसटीत बसून अमरावतीपर्यंत आले. माही नात वर्षाली दोन तोंडाची आहे, नाटकी आहे, पैसे घेऊन बाटली आहे, असं तू अजून कोणाकोणाले सांगतलं? आपली पोरगी आहे ते! तुह्या अंगाखांद्यावर खेळलेली. तिच्या पयल्या दाताले तू चांदीचा चमचा आणला होता, आठवते काय?

अन् पैशाचं म्हणशील तं ऐक. भेटणं दूरच, ते आपल्या पगाराचा दहावा हिस्सा देवाचा म्हून तिच्या नव्या धरमाच्या मंडळीत देते. त्याच्यावर एक अक्षर बोलू नोको.

तुले सारं माहीत आहे तरी सांगतो. दोन वर्साआधी वर्षालीची माय गेली. प्रतीक्षा माही सून होती, पण पोटच्या पोरीपेक्षा जास्त. वर्षाली तवा बंगलोरले दवाखान्यात रक्त तपासाचं काम करे. फोन लावला की बोले नाही, निस्ता श्वास ऐकू ये. मी इकडून म्हणो, जेवली काय बेटा? तिकडून काहीच नाही. मले वाटे हे बी पोरगी जाते आता. मंग तिच्यासंगं काम करणाऱ्या एका मुलीनं तिले रविवारी त्याइच्या मंडळीत नेलं. येशू ख्रिस्ताच्या नावाची मंडळी आहे, पूर्ण नाव आगगाडीएवढं लांब, मले येत नाही. लोक त्याइले मॉर्मन म्हणतात. तिथं तिले सांगतलं की देवाले दिलेला शब्द पाळला तं मेल्यावर बी घर तुटत नाही, माय ते मायच राहते, लेक ते लेकच. तिनं काही लगेच मान नाही हालवली. पाच महिने त्याइचं पुस्तक वाचलं, गुडघे टेकून देवालेच इचारलं, हे खरं आहे काय? मंग पाण्यात उतरून दीक्षा घेतली.

त्या दिवाळीले घरी आली तं हासली लीले. माय गेल्यावर पयल्यांदा. मी चुलीपाशी बसून रडली, तिले वाटलं धूर लागला. मंग तिनं अमरावतीलेच काम धरलं अन् घरी राहाले आली.

आता जरा हासण्याची गोष्ट सांगतो. महिन्याच्या पयल्या रविवारी त्याइचा उपास राहते. मी म्हटलं, वा, हे तं आपल्यासारखंच! सकाळीच उठून साबुदाण्याची उसळ केली, भगर केली, शेंगदाण्याची आमटी केली, रताळं उकडलं. ताट वाढून आवाज देला. पोरगी ताटाकडं पायते अन् माह्याकडं पायते. म्हणते, "आजी, आमच्या उपासात काहीच खात नाहीत, पाणी बी नाही. जे जेवण वाचते ते ज्याच्या घरी नाही त्याले द्याचं." मी म्हटलं, काहीच नाही? साबुदाणा बी नाही? मंग तो उपास कायचा? ते इतकी हासली की ठसका लागला, अन् पाणी तं प्याचं नव्हतं! सारं डब्यात भरून सुंदराबाईच्या घरी नेऊन देलं. ते म्हातारी एकटीच राहते, दोन दिवस खाल्लं तिनं.

मी तिले एक डाव इचारलं, चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही, रविवारी काम नाही. हे सुख आहे की शाळा? तवा ते मोगरा तोडत होती. म्हणे, "आजी, तू मोगऱ्याले रोज ठरल्या वक्ती पाणी काहून देतं?" मी म्हटलं, मन झालं तवा देलं तं कळी धरत नाही. म्हणे, "झालं तं मंग." अन् गाणं म्हणत पुढच्या वाफ्यात गेली.

लीले, मी जल्मभर ऐकत आली. सासूचं ऐकलं, मालकाचं ऐकलं, त्याइच्या माघारी गोवर्धनाचं ऐकलं. कोणी इचारलं नाही, सत्यभामा, तुले ऐकाचं आहे काय? हे पोरगी बी ऐकते, पण तिनं आधी इचारलं, मंग हाव म्हटलं. कोणी पायत नसलं तरी पाळते. म्हून तिचं सुख सणासारखं येऊन जात नाही, रोजचं आहे. अन् आपल्या देवाले तिनं कधी वाकडं म्हटलं नाही. अंबादेवीच्या पायऱ्या चढताना माहा हात तेच धरते. मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेले माह्याजवळ मुकाट बसते. बाटलेली पोरगी असं करते काय, सांग बरं?

तुह्या बैठकीतल्या त्या दिवशीचं लिहाचं म्हून बसली अन् साबुदाण्यात शिरली. आता लिहितो.

ते मूर्तिजापूरचे पाहुणे फेब्रुवारीत तुह्या घरी पोरगी पाहाले आले. स्थळ तू आणलं, मन लावून आणलं, ते मी नाकारत नाही. वर्षालीनं मले आदल्या दिवशी सांगतलं होतं, "आजी, मी त्याइले पयलेच सारं सांगीन. लपवून लगन करणार नाही." मी म्हटलं, बेटा, सांग, पण चहा झाल्यावर सांग. चहाच नाही घेतला तं लोक बसल्या जागेवरून उठतात. तुले गवती चहाचा करून देतो, पत्ती नाही टाकत. ते म्हणे, गवती चालते. म्हून वावरातल्या गवतीची जुडी पिशवीत घालून अकोल्याले आणली होती मी. तू इचारलं बी होतं, बाई, हे गवत कायले आणलं?

तुह्या स्वयंपाकघरात मीच होती. साऱ्याइचा चहा एका पातेल्यात, तिचा लहान गंजात. हिरव्या काठाचा कप तिच्यासाठी काढून ठेवला, तिले सांगतलं, हा तुहा. तिनं ट्रे नेला, सगळ्याइले देला, मंग आपला कप घेतला. एक घोट घेतला अन् कप बशीत ठेवला. पोराची माय म्हणे, "काहून व, गोड नाही झाला काय?" पोरगी म्हणे, "काकू, मी चहा घेत नाही." ते म्हणे, "आता तं घेतला घोट!"

मंग वर्षालीनं सारं सांगतलं, तिचा धरम, तिचे नेम. पण घोट काहून घेतला ते नाही सांगतलं. तू ते घोटाचं वाक्य बोलली, सारे हासले, तू तिले सगळ्याइसमोर खोटारडी म्हटलं. पाहुणे उठले.

लीले, त्या गवतीले रंग येईना. दूध टाकलं तं पांढरं फट्ट दिसे. बाकीचे कप कसे लाल, अन् हा एकच रोग्यासारखा. मले वाटलं, पाहुणे म्हणतीन हिच्या कपात काय येगळं आहे? तुह्या डब्यातली एक चिमूट पत्ती टाकली मी. निस्ता रंगासाठी. वाटलं, एका चिमटीनं काय होते, देव काही कपात वाकून पायत नाही.

तिनं घोट घेऊन माह्याकडं पाह्यलं. तिले समजलं होतं. अन् तू बोलत होती, मी लुगड्याचा काठ पायत होती. साऱ्याइसंगं मी बी हासली काय? हासली असन. आता लपवून काय करू?

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर पायत होती. मंग म्हणे, "आजी, पाणी पितं काय?" बस. घरी आल्यावर मी पाय धरले तिचे, तं ओरडली माह्यावर. म्हणे, "माह्या भल्यासाठीच टाकली न तू. पण पुढच्या डावाले नोको टाकू." तवापासून मी चहा सोडला. माहा धरम माहा आहे, पण पत्तीचा डबा उघडला की मले तो हिरवा काठ दिसते.

तिनं कोणाले सांगतलं नाही, म्हून मी बी नाही सांगतलं. चार महिने बाप पोरीसंगं बोलला नाही, तरी नाही सांगतलं. कौशल्येकडून आली तवा गोवर्धनाले सांगून टाकलं. तो बादली खाली ठेवून उभाच राहिला. म्हणे, "माय, चार महिने?" मंग पोरीजवळ गेला, तिच्या हातातलं टोपलं आपण घेतलं. आता दोघंही संगं जेवतात.

स्थळ गेल्यावर तिनं त्याइच्या सेवेसाठी अर्ज केला. दीड वर्स देवाची गोष्ट सांगत फिराचं, जिथं धाडतीन तिथं. उत्तर आलं, दिल्लीकडं. शनिवारी २१ तारखेले बडनेऱ्याहून सकाळची गाडी आहे. दीड वर्स घरी येणं नाही. अन् पोरगी अशी खुश आहे की बॅग आतापासून दारात.

तू अकोल्याहून बडनेऱ्याच्या स्टेशनवर ये. तिच्यासमोर म्हण, मी चुकीचं बोलली. अन् ज्याले ज्याले तू तिले खोटारडी सांगतलं, त्याइले माहं नाव सांग. न लाजता सांग. राग मले तुहा आहे, पण निम्मा माहा मलेच आहे, अन् तो मी तुह्यावर काढत बसली हे बी लिहून ठेवतो.

आली तं डबा मी आणीन. चहा तेवढा मागू नोको.

रामरावजीले नमस्कार, प्रणालीले सांग, आता आईले उठव.

तुही मोठी बहीण, पत्ती टाकणारी,
सत्यभामा