डिसेंबरपर्यंतचे मंगळवार

आफ्रीन बेटा,

तुझ्या दादीले घेऊन सिंदेवाहीले तिच्या बहिणीकडे चाललो. सांजच्या बसनं येतो. तोवर एक काम कर, आणि ही चिठ्ठी वाचून चुलीत टाक.

तिच्या दवाखान्याच्या तारखांची एक्सेलची यादी तू आज कम्प्युटरच्या कॅलेंडरमध्ये टाकणार होती. काल डॉक्टरनं मले बाजूले घेऊन सांगितलं, "आता यांना आणू नका, घरीच ठेवा." तिले हे माहीत नाई. म्हणून यादीतली एकही ओळ काढू नको. डिसेंबरपर्यंतचे सगळे मंगळवार जसेच्या तसे टाक, घंटीसकट. मंगळवारी कम्प्युटर वाजला नाई तर ती समजून जाईल. वाजला का मी तिले रिक्षात बसवून फिरवून आणीन. डॉक्टर काऊन भेटला नाई, ते दर वेळी नवीन सांगीन.

माजरीहून वाघाच्या पाठीवर बसून आलो, असं एकदा सांगितलं, तवा म्हणे, "वाघानं तिकीट नाई मागितलं?" चाळीस वर्षांत माझी एक गोष्ट तिनं खरी मानली नाई.

तुझ्या कम्प्युटरचं मानते.

दादाजान