नावांच्या वहीची आणि निळ्या कपाटाची व्यवस्था

मी, वय वर्षे एकोणसत्तर, धंद्याने समुपदेशक मानसशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही दबाव नसताना लिहीत आहे. हे लिहिताना मी रागात आहे. वकीलबाई म्हणाल्या, "राग लिहू नका हो. उद्या कुणी म्हणेल, बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं." छत्तीस वर्षं मी लोकांच्या डोक्यांचंच काम केलं. राग येणं आणि डोकं फिरणं यांतला फरक मला कळतो. याआधीचं माझं मृत्युपत्र यापुढे रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक, पुस्तकं आणि पियानो माझ्या लेकीला. पियानो वाजवला नाहीस तरी चालेल, पण त्यावर कुंड्या ठेवू नकोस.

२. माझ्या सल्ल्याच्या खोलीतलं निळं लोखंडी कपाट, त्यातल्या फायली आणि टेबलाच्या डाव्या खणातली नावांची वही लेकीला मिळणार नाही. हे सगळं माझ्या धाकट्या सहकारी बाईंच्या ताब्यात जाईल. आमच्या कामात फाइल शेवटच्या भेटीनंतर सात वर्षं जपायची आणि मग नष्ट करायची. सल्ल्याला येणारं मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर ते सज्ञान झाल्यावर पुढची सात वर्षं. सहकारी बाईंनी प्रत्येक फाइलवरची तारीख पाहावी. मुदत संपलेली फाइल यंत्रात घालून तिचा भुगा करावा, रद्दीवाल्याला देऊ नये. मुदत असलेली कुलपात ठेवावी, आणि ज्या व्यक्तीची असेल तिने मागितली तर तिलाच द्यावी.

लेक मागे म्हणाली होती, "आई, काय काय गोष्टी असतील गं त्यात! नावं बदलून पुस्तक लिही ना." बाळा, नावं बदलली म्हणून माणसं बदलत नाहीत. आपलं दुःख माणूस खोट्या नावाखालीही ओळखतो.

३. आता दादा. माझा थोरला भाऊ.

माझी पद्धत अशी: फाइलवर नाव नसतं, फक्त आकडा. कुठला आकडा कुणाचा, हे नावांच्या वहीत. कपाटाची किल्ली एका ठिकाणी, वहीच्या खणाची दुसऱ्या. एक हाती लागलं तरी दुसऱ्याशिवाय उपयोग नाही. ही पद्धत मी दादाला एकदा जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितली. त्याने मला सायकल शिकवली होती, माझ्या पहिल्या नोकरीचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्याच्यापासून काय लपवायचं, असं वाटलं. या धंद्यातल्या बाईने करू नये अशी ती चूक होती.

गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मला आत नेताना नर्सने माझी पर्स दादाच्या हातात दिली. मागे खोली रिकामी राहणार म्हणून त्या दिवशी दोन्ही किल्ल्या मी तीतच घातल्या होत्या. मी गुंगीत असताना दादा माझ्या खोलीत गेला, वहीत एक नाव शोधलं, आकडा पाहिला आणि फाइल वाचली. ती व्यक्ती दादाच्या हाताखाली काम करत होती. दादा तीन संस्थांवर पदाधिकारी आहे. त्यांतली कुठली आणि काम कसलं, हे मी लिहिणार नाही, आणि कुणी शोधू नये. महिनाभरात, फाइलीतली गोष्ट तिच्या तोंडावर बोलून, त्याने त्या व्यक्तीचं काम काढून घेतलं.

ती व्यक्ती माझ्याकडे आली. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, हे मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

मी दादाला जाब विचारला. म्हणाला, "अगं, मी काय परका आहे का? घरातली गोष्ट घरातच राहिली."

"तुझ्या घरातली होती का ती?"

"संस्थेचं भलं पाहिलं मी. आणि तुझ्या नावाला कुठे धक्का लागला? उगाच आकांडतांडव करतेस. लहानपणापासून तुझं असंच."

लहानपणापासून माझं असंच, हे खरं आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घरून आलेली पत्रं सिस्टर आधी फोडून वाचायच्या. एकच म्हातारी सिस्टर पाकीट न फोडता हातात द्यायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. मी पुढे जी कोण झाले, ती तिच्या त्या पाठीकडे पाहून.

माझाही गुन्हा लिहिते. त्या फाइलची मुदत चार वर्षांपूर्वीच संपली होती. ती नष्ट केली असती तर दादाला वाचायला काही मिळालंच नसतं. मला जुन्या फायली टाकवत नाहीत. कुणाचं रडणं कधी थांबलं, कुणी प्रथम हसलं, त्या तारखा मी अधूनमधून काढून वाचायची. तो माझा लाड होता आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. आमच्या व्यवसायावर देखरेख करणाऱ्या मंडळाला मी स्वतः लेखी कळवलं. त्यांनी ताकीद दिली, ती योग्यच होती. ती फाइल मी त्या व्यक्तीच्या हातात दिली.

त्या व्यक्तीला मला काहीतरी द्यायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "नाव घाला, रक्कम घाला, झालं." पण इथे नाव घातलं की हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळणार, ती माझ्याकडे येत होती. म्हणजे दादाने एकदा केलं, तेच मी मेल्यावर पुन्हा करायचं. म्हणून या कागदावर तिच्यासाठी काहीही नाही. माझ्या रागाचं हे एक मोठं कारण आहे.

४. आईवडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा दादाला मिळेल, पण एका अटीवर. मी गेल्यापासून नव्वद दिवसांत त्याने आपल्या संस्थेला लेखी कळवावं की त्या व्यक्तीच्या कामात खोट नव्हती, निर्णय आपला चुकला, आणि तिची इच्छा असेल तर तिला परत घ्यावं. आपल्याला काय कळलं होतं आणि कुठून, याचा त्यात एक शब्दही नसावा. पत्र पोहोचल्याची नुसती पोच वकीलबाईंना दाखवावी. हे मी जिवंतपणी दोनदा हात जोडून सांगितलं आहे. मुदतीत झालं नाही तर तो हिस्सा विकून येईल ते सहकारी बाई चालवतात त्या समुपदेशन केंद्राला द्यावं.

५. माझ्या अंत्यविधीला काही अनोळखी माणसं येतील, मागे उभी राहतील. "तुम्ही बाईंना कसे ओळखता?" असं त्यांना कुणीही विचारायचं नाही. पाणी द्या, बसायला खुर्ची द्या. कुणी न बोलता निघून गेलं तर जाऊ द्या.

६. माझा फोन सहकारी बाईंनी न चाळता पुसून टाकावा.

साक्षीदार दोघे: खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आणि समोरच्या दुकानातल्या झेरॉक्सवाल्या ताई. मी यांच्यासमोर सही केली आणि यांनी माझ्यासमोर. पुढच्या ओळी सह्या झाल्यावर, राखलेल्या जागेत लिहिते. सहीआधी मी दोघांपुढे कागद सरकवला आणि विचारलं, वाचायचाय का? डॉक्टर म्हणाले, "मला काय करायचंय तुमचं? सही कुठे ते दाखवा." ताईंनी सगळ्या पानांवर कोरा कागद ठेवला, फक्त सहीची ओळ उघडी ठेवली आणि तिथे सही केली. दादा, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं रे.

सही: मृत्युपत्र करणारी
सही: साक्षीदार, दाताचे डॉक्टर
सही: साक्षीदार, झेरॉक्सवाल्या ताई

ठिकाण: माझी सल्ल्याची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४, सोमवार