बोडीतले मासे आणि तुझे तळहात

माय, तुझे हात मला कोरडे आठवतच नाहीत. बोडीचं, आपल्या गावच्या लहान तळ्याचं, पाणी आटून गुडघ्यावर आलं की तू बायांसोबत उतरायचीस आणि चिखलात चाचपून मासे धरायचीस. दुपारी चुलीपुढे बसलीस की तुझे पांढरे पडलेले तळहात मी उलटे करून बघायचे. टाचणीनं टोचावं तसे बारीक खड्डे. बाकी कुणाच्या हातांवर ते नसायचे. सगळे म्हणत, बोडीतले मासे हिलाच चाखतात. तू हसायचीस. "मी त्यायले खातो, ते मले खातेत." हात वाळले की खड्डे दिसेनासे व्हायचे. मासे पुन्हा येऊन ते बुजवून जातात, असं मला वाटायचं.

मग तुझा जबडा. दुखत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दात हलायला लागला तेव्हा अहेरीला एक्स-रेचा फोटो काढला. तू तो खिडकीला धरतेस, मी तुझ्या कमरेला टेकून बघते आहे: हाडात काळी गोल पोकळी, भोवती पांढरी रेघ, आत आडवा पडलेला एक दात. "पाह्य, माह्या जबड्यात बी बोडी हाय," तू म्हणालीस. डॉक्टरांनी आतलं पाणी काढलं, सूज उतरली, आपण खूश झालो. पण पोकळी पुन्हा भरली. शेवटी पू गळ्यात उतरला आणि तू गेलीस.

आता मी चंद्रपुरात जबड्यातल्या अशाच पोकळ्यांतून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. खरी गोष्ट पाण्याची नसतेच, माय. पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याच्या तळाच्या पेशी गडद, एका ओळीत उभ्या. त्या वाढत राहतात, हाडातून लांबवर सरकतात आणि बाहेर बराच काळ काही दिसू देत नाहीत. अस्तराचा कण जरी मागे राहिला तरी नवी पोकळी तयार होते. काही घरांत हे आईकडून लेकरात उतरतं, आणि अशा माणसांच्या तळहातांवर बारीक खड्डे असतात, भिजल्यावर स्पष्ट दिसणारे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बंद खोलीत मला बोडीच्या चिखलाचा वास आला. मासे तुला कधी चावलेच नव्हते.

गेल्या महिन्यात दाढ दुखली म्हणून माझा फोटो काढला. पडद्यावर तुझीच पोकळी होती. त्याच जागी, तसाच आडवा दात. घरी येऊन मी बादलीत हात बुडवून बसले. खड्डे हळूहळू उमटले. मी घाबरले, आणि तरी बरं वाटलं, कारण कितीतरी वर्षांनी तुझे हात दिसले.

माझं ऑपरेशन ठरलंय, त्याची भीती नाही. भीती लेकीची आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते: तेव्हापासून मी तिला भांडी घासू देत नाही. लाड म्हणून सांगते. आज मी इथे लिहीत बसले आणि तिनं सगळी भांडी घासून टाकली. ओले हात घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"आई, माझे हात पाह्य ना, कसे झाले."

मी डोळे मिटले, माय. न बघताच तिचे हात ओढणीत धरले आणि पार कोरडे होईपर्यंत पुसत राहिले.