बाजारचा भोपळा

रविवार, चर्चमधून आल्यावर

औंदा शेतात काहीच आलं नाय. कापणीच्या सणाला रिकाम्या हातानं कसं जावं, म्हणून बाजारातला भोपळा नेऊन देवापुढं ठेवला. मग चर्चच्या दानासाठी देवापुढल्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात एका प्लॉटवाल्यानं बोली चढवली, तर माझी नात रूथ हट्टालाच पेटली. वाळूजच्या कंपनीत राबून नर्सिंगच्या फीला साठवलेले सगळे पैसे लावले पोरीनं!

"आज्जे, तुझ्या घामाचं पीक दुसऱ्याला जाऊ देईन व्हय?"

लई हरखले मी. सगळ्यांदेखत मुका घेतला तिचा. खरं मात्र बोलले नाय.

आजाऱ्यांची सेवा करायला देवानं बोलावलंय, म्हणती ती. आता फी कुठून भरावी? दिलेलं दान परत कसं मागू?

भोपळा चुलीपाशी आहे. रूथ म्हणाली, "बी जपून ठेव, आपल्याच शेतातलं हाय." मी व्हय म्हणले.