न मारलेला हत्ती

प्रिय बाबा,

फोन केला की तुम्ही तिसऱ्या वाक्याला आईकडे देऊन मोकळे होता, म्हणून पत्र लिहून हातोहात पाठवतेय. याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आधीच सांगते, रविवारपासून मी चिडलेली आहे. इथे प्रयोगशाळेत साहेबांनी फलकावर माझं नाव लावलंय : शेवटच्या फेरीत वडिलांना हरवून बुद्धिबळ संघात निवड. रक्ताचे नमुने घेऊन येता-जाता प्रत्येक जण पाठ थोपटतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण तो डाव मी जिंकलेच नाही. तुम्ही मला तो दिलात. आणि दिलेला डाव घेऊन संघात जायचं की नाही, एवढ्या एका प्रश्नाने कालपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

मला जिंकणं भाग होतं, बरोबरी झाली असती तरी जागा गेली असती. तुम्हाला मात्र काहीच फरक पडणार नव्हता. म्हणून मी तुमचंच हत्यार तुमच्यावर काढलं, मायनॉरिटी अटॅक. वजिराच्या बाजूला माझी दोन प्यादी, तुमची तीन. दोघांनी तिघांच्या अंगावर जायचं, मारामारी करायची आणि समोरच्याचं एक प्यादं एकटं पाडायचं. मग सगळ्यांनी मिळून त्याच्या मागे लागायचं. डेपोच्या कँटीनमध्ये, दुपारची बस लावून आल्यावर, तुम्ही मला हे शिकवलंत तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तीनदा उठून पळाले होते. हा हल्ला नाही, बारीक धारेखाली बादली भरायची आहे, असं तुम्ही म्हणायचात. भिंगरी हे नाव तिथलंच. आणि एक नियम शंभरदा घोकून घेतलात : आधी समोरच्या उंटाची वाट बंद कर, मग प्याद्यांच्या मागे हत्ती आण.

आणि मी दिवटीने काय केलं? एकविसाव्या चालीला हत्ती आधी आणला. घड्याळ दाबलं आणि मग मला दिसलं. तुमचा उंट तिरका थेट माझ्या हत्तीवर, मध्ये चिटपाखरू नाही, हत्तीला कुणाचा जोर नाही. काल खेळायला शिकलेल्याने मारला असता! तुम्ही अकरा मिनिटं पटाकडे पाहिलंत, टकलावरून हात फिरवलात आणि राजासमोरचं प्यादं एक घर सरकवलंत. मी घाईघाईने वाट बंद केली. पुढे तुमचं ते एकटं प्यादं पडलं, मग दुसरं पडलं, आणि बेचाळिसाव्या चालीला राजा आडवा करून तुम्ही वर हसून सांगितलंत की भिंगरी थांबायला शिकली एकदाची. मला तिथेच सगळ्यांसमोर किंचाळावंसं वाटलं.

अहो, मी सात वर्षांची, तापाने फणफणलेली, आणि तुम्ही मला अकरा चालींत मात दिली होतीत. पोरीला एकदा जिंकू द्या की, म्हणून आई तुमच्यावर करवादली, तर तुम्ही म्हणालात, दिलेल्या डावाचं ती काय लोणचं घालणार? तेव्हा दया आली नाही, आणि आता मी एवढी घोडी झाल्यावर तुम्हाला पाझर फुटला? चार वर्षं मी रोज कामावर जायच्या आधी दोन तास पट मांडून बसते, ते काय बापाच्या मेहेरबानीसाठी? इतका संताप आला की नाव मागे घेत असल्याचं पत्रसुद्धा लिहून काढलं. तुमचं तोंड बघायचं नाही असंही ठरवलं होतं, पण आई म्हणाली तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझं कौतुक सांगत फिरताय. मग तर आणखीच चिडले.

तुम्हाला खोटं पाडायला पुरावा हवा, म्हणून काल आयोजकांकडून तुमच्या चालींच्या कागदाचा फोटो मागवला. तुमचं ते छापल्यासारखं अक्षर. एकविसाव्या चालीला माझा हत्ती तुम्ही एक घर शेजारी लिहिलाय. खाडाखोड नाही, शंका नाही. सतराव्या चालीला तसंच, तिसाव्याला तसंच, आणि तिन्ही घरं तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातली. बाबा, तुम्ही हत्ती सोडला नाहीत. तो तिथे आहे हे तुम्हाला दिसलंच नाही. मी आईला विचारलं, तर गेले दोन महिने ती तुम्हाला पेपर वाचून दाखवतेय, आणि बिचारी त्याला लाड समजत होती. म्हणजे तुम्हाला हे ठाऊक आहे! ठाऊक असून तुम्ही रोज सकाळी पन्नास माणसं घेऊन रस्त्यावर निघता? डेपोच्या तपासणीतला अक्षरांचा तक्ता तुम्हाला पाठ असणार, मी ओळखते ना तुम्हाला. गुरुवारी दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी रजा टाकून येतेय. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. लावलात तर मी स्वतः डेपो मॅनेजरना फोन करीन, मग पोटच्या पोरीने चुगली केली म्हणून खुशाल बोंब मारा. मला फार भीती वाटतेय हो. आणि समजा, मी चुकत असेन, खरंच मुद्दाम सोडला असेल तो हत्ती, तर तसं सांगा. मी जन्मभर तुमच्याशी बोलणार नाही, पण आनंदाने.

तुमचीच,
भिंगरी